परदेशची शाळा आणि आपली लेकरे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी मी काहीतरी बोलावे असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा विषय शोधीत बसावे लागले नाही. वसमतच्या पुष्कळ घरांतली मुले पुण्यामार्गे किंवा हैदराबादमार्गे अमेरिकेस गेली आहेत. लेकीचे वा सुनेचे बाळंतपण करावयास आपल्यापैकी कित्येकजणी तिकडे जाऊन आल्या आहेत. बाळंतपण आपल्या हातचे आहे. त्यात आपल्याला कोणी शिकवावे असे काही नाही. पण बाळ पाच वर्षांचे झाले, किंवा इथून तिसरी-चौथीतले लेकरू आईबापांबरोबर तिकडे निघाले, की फोन येतो, “आई, याच्या शाळेचं काय करावं ग?” आणि इथे आपण गप्प होतो. कारण आपल्या मनातली शाळा म्हणजे फी, गणवेश, परीक्षा आणि नंबर. यांतले एकही तिकडे जसेच्या तसे नाही.

मी स्वतः शाळेत शिकवून निवृत्त झाले. न्यू जर्सी राज्यात लेकीकडे दोन खेपांना राहिले आणि नातवाला शाळेत घातले त्या वेळी तिथेच होते. त्यामुळे दोन्हीकडच्या शाळा शेजारी ठेवून पाहण्याची संधी मला मिळाली. जे पाहिले आणि नंतर वाचून ताडून घेतले, ते आज सांगते.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. आनंदीबाई जोशी यांना १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई गेल्या होत्या. समारंभ आटोपल्यावर त्या लगेच परतल्या नाहीत. तेथे राहून त्यांनी लहान मुलांना खेळातून शिकविण्याची किंडरगार्टन पद्धती शिकून घेतली, निरनिराळ्या संस्था पाहिल्या, आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. म्हणजे अमेरिकेतले शिक्षण आपल्या बायकांना मराठीतून समजावून सांगण्याचे काम एका मराठी बाईनेच सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी केले आहे. आज मी त्याच वाटेवर चार पावले टाकते, एवढेच.

पहिली गोष्ट ही, की त्या देशात सगळ्यांची मिळून एक शाळाव्यवस्था नाही. आपल्याकडे मुंबईहून निघालेला हुकूम वसमतला पोचतो. तिकडे शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, आणि राज्यांनी कारभार स्थानिक शाळा-जिल्ह्यांकडे सोपविला आहे. असे तेरा हजारांहून अधिक शाळा-जिल्हे देशभर आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांचे शाळा-मंडळ लोक मते देऊन निवडतात. खर्चाचा मोठा भार राज्य सरकार आणि स्थानिक कर उचलतात. केंद्राचा वाटा लहान असतो. स्थानिक करांत घरपट्टी मुख्य. सरकारी शाळेत फी नसते, आणि चांगल्या नोकरीतले लोकही मुलांना बेधडक सरकारी शाळेत घालतात. आपल्याकडे सरकारी शाळा म्हटले की काहीजणी नाक मुरडतात. तो ग्रह इथेच ठेवून जावे.

पण यातच एक मेख आहे. कोणत्या शाळेत जावयाचे ते बहुधा घराच्या पत्त्यावरून ठरते. रस्त्याच्या या बाजूचे घर एका शाळेत, पलीकडचे दुसऱ्या शाळेत. म्हणून तिकडची मंडळी आधी शाळा पाहतात आणि मग घर भाड्याने घेतात. जिथे घरे महाग तिथे घरपट्टी अधिक, आणि तिथल्या शाळेच्या हाती पैसाही बहुधा अधिक. सरकारी शाळा फुकट खरी, पण चांगल्या शाळेची किंमत घरभाड्यातून वसूल होते. या विषमतेविषयी तिथले लोकही तक्रार करतात आणि कोर्टात भांडतात. मुलगा “घर जरा महाग घेतलं” असे म्हणाला, तर उधळपट्टी म्हणून बोल लावण्याआधी हे कारण लक्षात घ्यावे.

आता इयत्तांची शिडी पाहू. पाचव्या वर्षी किंडरगार्टन, त्यापुढे पहिली ते बारावी. पाचवीपर्यंत प्राथमिक, सहावी ते आठवी मधली, नववी ते बारावी हायस्कूल, अशी सर्वसाधारण विभागणी. गावोगाव थोडा फरक असतो. वर्ष ऑगस्टच्या मध्यास किंवा सप्टेंबरात सुरू होते आणि मे-जूनमध्ये संपते. बहुतेक राज्यांत सुमारे १८० दिवस शाळा भरते. मुलाला कोणत्या वर्गात घालावयाचे हे मुख्यतः वयावरून ठरते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात, “आमची मुलगी इथे पुढच्या वर्गात होती, तिकडे मागे का बसवली?” म्हणून बरीच रडारड झाली. त्यात अपमान काही नाही. ती तिच्या वयाच्या मुलांत बसली, इतकेच.

प्रवेशाला लागणारी कागदपत्रे मात्र इथून निघतानाच जुळवावीत, कारण या कामी आपण आज्या इथे बसूनही उपयोगी पडू शकतो. जन्माचा दाखला, लसीकरणाचे कार्ड, आधीच्या शाळेचे प्रगतिपुस्तक आणि तिथल्या पत्त्याचा पुरावा ही मुख्य कागदे. जन्माच्या दाखल्यावर कित्येकदा मुलाचे नावच नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. नगरपरिषदेत जाऊन ते नाव आधी घालून घ्यावे. लसींच्या बाबतीत दोन अडचणी येतात. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरणात नाही आणि तिकडच्या शाळा ती मागतात. तसेच आपल्या सरकारी दवाखान्यात गोवर आणि रुबेला यांची लस मिळते, पण तिकडे गालगुंडाची लसही लागते. इथल्या डॉक्टरांना विचारून त्या टोचून घेतल्या, तर तिकडे ऐन वेळी धावपळ होत नाही. बीसीजी टोचलेल्या मुलाची तिथे क्षयाची त्वचेवरची चाचणी केली तर कधी कधी हातावर गाठ उठते. घाबरून जाऊ नये. बीसीजी दिली होती हे डॉक्टरांना सांगावे.

आणखी एक बारीकशी पण गोंधळ घालणारी गोष्ट. ते लोक तारीख लिहिताना महिना आधी लिहितात. आपल्या कार्डावर ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट, ते वाचतात आठ मे! म्हणून कार्डावर महिना अक्षरांत लिहून घ्यावा.

व्हिसाविषयी दोन शब्द. १९८२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला, की देशात राहण्याचा परवाना नाही एवढ्या कारणावरून कोणत्याही मुलाला फुकट सरकारी शाळा नाकारता येणार नाही. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांची मुले तर रीतसर आईबापांबरोबर गेलेली असतात. त्यांना शाळेत काहीच अडचण नाही. परंतु “भाच्याला सहा महिने मामाकडे पाठवू, तिथल्या शाळेत बसेल, इंग्रजी सुधारेल,” असा बेत कोणी करीत असेल तर तो करू नये. पर्यटकाच्या व्हिसावर शाळा शिकणे नियमाविरुद्ध आहे, आणि पुढे त्याच मुलाला व्हिसा मिळताना त्याचा अडसर होऊ शकतो.

भगिनींनो, आता मी मुख्य गोष्टीकडे येते.

प्रवेशाच्या वेळी एक छोटा तक्ता भरून घेतात. मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोलू लागले? घरात कोणती भाषा बोलतात? लेकीने ‘मराठी’ लिहिले. पुढे नातवाची इंग्रजीची परीक्षा झाली आणि त्याला रोज काही वेळ इंग्रजीच्या वेगळ्या शिकवणीला बसवावे असे ठरले. घरात जणू सुतक आले. जावई म्हणाले, “इंग्रजी लिहायला हवं होतं. आता पोरावर शिक्का बसला.” त्यात भर अशी, की नातू वर्गात तोंडच उघडीना. घरी पोपटासारखा बोलणारा पोर तिथे दीड-दोन महिने मुका. मग दोघांनी ठरविले, की उद्यापासून घरात मराठी बंद. जेवताना, झोपताना, सगळे इंग्रजीत. माझ्याशीसुद्धा.

मी म्हटले, “अगं, मराठी बंद करण्याआधी त्याच्या बाईंना तरी विचारून ये.”

हे म्हणण्याचे बळ मला कोठून आले ते सांगते. आपले वसमत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचे, आणि वरच्या शाळांतूनही शिक्षण उर्दूतूनच असे. माझे वडील घरात मराठी बोलत आणि शाळेत भूगोल-गणित उर्दूतून शिकत. सुरुवातीचे काही महिने वर्गात नुसते ऐकत बसलो, असे ते सांगत. पुढे उर्दू त्यांना उत्तम आली. पण घरात माझ्या आजीने मराठी कधी सोडली नाही. तिला दुसरी येतच नव्हती! संध्याकाळी पोथी, ओव्या, देवघरातल्या आरत्या, सगळे मराठीत. म्हणून दोन्ही भाषा त्यांच्यापाशी राहिल्या. परक्या भाषेच्या शाळेत जाणारे मूल ही मराठवाड्याला काही नवलाची गोष्ट नाही. आपल्या वाडवडिलांनी ती अंगावर काढली आहे. आपण इतकेच विसरलो, की त्यांच्या घरची भाषा त्यांच्या आयांनी राखली होती.

लेक शाळेत जाऊन आली. बाईंनी तिला सांगितले, की नवी भाषा कानात मुरेपर्यंत पुष्कळ मुले गप्प राहतात. हा आजार नव्हे. घरी तुम्हाला जी भाषा उत्तम येते तीत भरपूर बोला, गोष्टी सांगा. एका भाषेत पक्के झालेले मूल दुसरी भाषा सहज उचलते. ती शिकवणी म्हणजे शिक्षा नाही, तो मुलाचा हक्क आहे. हा हक्कही कोणी दान दिलेला नाही. सान फ्रान्सिस्कोत इंग्रजी न समजणाऱ्या चिनी मुलांना नुसते वर्गात बसवून ठेवीत. त्यांच्या बाजूचे लोक कोर्टात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सर्वांना तेच पुस्तक आणि तेच बाक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे नव्हे; ज्याला भाषा कळत नाही त्याच्यासाठी शाळेने काहीतरी केले पाहिजे. आज आपल्या नातवंडांना ती शिकवणी मिळते, तिच्यामागे त्या चिनी आईबापांची भांडणे आहेत.

आमच्या घरात मराठी चालू राहिली. फेब्रुवारीच्या सुमारास नातू वर्गात बोलू लागला, आणि मग बाईंचीच तक्रार आली, की आता तो गप्प बसत नाही.

यावरून मला त्या शाळेचे वर्म कळले. आपल्याकडे मास्तरांपुढे पालकाने मान खाली घालून उभे राहावे ही रीत. विचारणे म्हणजे उद्धटपणा. तिथली शाळा असे धरून चालते, की पालक येईल, विचारील, चिठ्ठी लिहील. जो येत नाही, त्याला मुलाची पर्वा नाही असाच अर्थ होण्याचा धोका असतो. आपले मौन आदराचे असते, ते त्यांना अनास्थेचे वाटते. वर्षातून एक-दोनदा पालकांना ठरलेली वेळ देऊन बोलावितात. दहा-पंधरा मिनिटेच मिळतात; म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. इंग्रजी येत नसेल तर शाळेकडे दुभाषा मागता येतो. मुलाचे गुण तिथे फलकावर लावीत नाहीत, पहिला नंबर पुकारीत नाहीत. मुलाची प्रगती हा शाळा आणि पालक यांच्यातला खासगी मामला मानतात, आणि १९७४ च्या एका कायद्याने त्या नोंदी पाहण्याचा हक्क पालकांना दिला आहे. “कितवा आला?” हा आपला प्रश्न तिकडे फोनवर विचारू नये, “या आठवड्यात काय शिकलास?” असे विचारावे.

एखादे मूल बोलण्यात मागे असेल, अक्षरे उलटी लिहीत असेल, ऐकू कमी येत असेल, तर आपण लपवितो. तिकडे तसे करू नये. १९७५ च्या कायद्यापासून अशा मुलांची तपासणी आणि त्यांना लागणारे विशेष शिक्षण शाळेने फुकट द्यावे असा नियम आहे. पालकाने लेखी मागणी करावी, शाळा आईबापांना बसवून त्या मुलापुरती योजना लिहून देते. पण मागावे लागते. लाजेपायी दोन वर्षे गेली, तर ती मुलाचीच जातात.

आणि हे मागावयाचे धैर्य तिथे कोणी आणले? १८९७ सालच्या फेब्रुवारीत ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोन बायकांनी वॉशिंग्टनला आयांची एक सभा भरविली. घराघरांतल्या बायका जमल्या आणि त्यांनी मातांचे मंडळ स्थापन केले. तेच पुढे पालक-शिक्षक संघ झाले, आणि आज देशभर शाळाशाळांतून त्याच्या शाखा आहेत. काळ्या वर्णाच्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, तेव्हा सेलीना बटलर या बाईंनी १९२६ साली त्यांच्यासाठी असाच राष्ट्रीय संघ उभा केला. दोन्ही संघ १९७० साली एक झाले. म्हणजे मुळात हे एक महिला मंडळच, भगिनींनो! हळदीकुंकू आणि पाककृतींच्या पुढे जाऊन बायका एकत्र बसल्या, की काय होऊ शकते त्याचा हा दाखला आहे.

रोजच्या काही बारीकसारीक गोष्टी सांगून टाकते. डब्यात शेंगदाण्याची चटणी किंवा लाडू देण्याआधी शाळेत विचारावे. काही मुलांना शेंगदाण्याचे इतके वावडे असते, की जिवावर बेतते. म्हणून पुष्कळ शाळांतून तो वर्ज्य असतो. सकाळी झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणतात. पण ती म्हणण्याची सक्ती कोणत्याही मुलावर करता येत नाही, असा न्यायालयाचा निकाल १९४३ पासून आहे. आपल्या मुलाने नुसते शांत उभे राहिले तरी चालते. पिवळी बस थांबून तिचा लाल फलक बाहेर आला, की साध्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबतात. मुलाने रस्ता ओलांडावा म्हणून थांबलेली ती मोटारींची रांग पाहून मला फार बरे वाटले.

तसेच बरे न वाटणारेही सांगितले पाहिजे. तिथे शाळांतून गोळीबाराचे प्रकार झाले आहेत. म्हणून लहान मुलांकडूनही दार लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात गुपचूप बसण्याची कवायत करून घेतात. नातवाने ते मला खेळ म्हणून सांगितले. मी ऐकून घेतले, पण त्या रात्री झोप आली नाही. सगळे सोन्याचे आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, म्हणून हेही बोलले.

मोठ्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. तिथे दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा नाही. नववी ते बारावी ही चारही वर्षे मोजली जातात, विषय मुलाने निवडावयाचे असतात, आणि कॉलेज त्या चारही वर्षांचे काम पाहते. “बारावीला जोर लावू” हा आपला हिशेब तिथे चुकतो. आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलाची ती सोय एकविसाव्या वर्षी संपते, आणि कॉलेजसाठी केंद्र सरकारची मदत त्याला मिळत नाही. तेव्हा मूल हायस्कुलात गेले, की आईबापांनी हा विचार लांबणीवर टाकू नये.

मराठीसाठी तिथे मदत नाही असेही नाही. उत्तर अमेरिकेचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झाले, आणि गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांतून सुटीच्या दिवशी मराठी शाळा चालतात. शिकविणाऱ्या बहुतेक आयाच असतात, आपली नोकरी सांभाळून. त्यांना इथून गोष्टींची पुस्तके पाठवावीत. फोनवर नातवंडांशी इंग्रजीचे दोन शब्द बोलून दाखविण्याऐवजी एक मराठी गोष्ट सांगावी. ते काम आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या दाराशीची. शाळेला प्रश्न विचारावयास अमेरिकेलाच जावयास हवे असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्याकडेही सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असे कायदाच म्हणतो. वसमतच्या शाळांतल्या या समित्यांवर आपल्यापैकी किती सुना-लेकी आहेत? ज्या आहेत, त्या सभेत बोलतात, की सही करून घरी येतात? संडासाला पाणी आहे का, माझ्या मुलीला वाचता येते का, लमाणी बोलत तांड्यावरून आलेले लेकरू वर्गात गप्प का बसते, हे विचारणारी एक बाई प्रत्येक समितीत असली, तर या मंडळाच्या एवढ्या वर्षांच्या कामाचे चीज होईल. पुढच्या पालकसभेला एकटीने न जाता दोघी-तिघींनी मिळून जावे, आणि काय विचारले ते मंडळाच्या बैठकीत येऊन सांगावे, अशी माझी सूचना आहे.